थर्मनचा भोंगा आणि कूसाचं गाणं

नवीन वर्षाच्या पहिल्या दुपारी, ‘बोल’ हा कॉलेज फुटबॉलचा मानाचा सामना सुरू व्हायच्या आधी, थर्मनने एक छोटासा शकुन करायचं ठरवलं आणि तिथंच त्याचे ग्रह फिरले.

शकुन म्हणजे काय, तर सप्टेंबरातल्या सामन्याची व्हिडिओ कॅसेट लावायची. त्या सामन्यात त्याच्या हार्लन कॉलेजने कूसा कॉलेजला चाळीस वर्षांत पहिल्यांदा धूळ चारली होती. आज तेच दोन संघ बोलसाठी पुन्हा भिडणार होते.

थर्मनची बायको व्हेल्मा कूसाची. (लग्न ठरलं तेव्हा एवढ्याच कारणासाठी त्याच्या आईने अन्नाला तोंड लावलं नव्हतं.) घरातला करार जुना: ज्याचं कॉलेज हरेल, त्याने अंगणात उभं राहून दुसऱ्याच्या कॉलेजचं गाणं वाजवायचं. सप्टेंबरात व्हेल्माने हार्लनचं गाणं पातेल्यावर बडवून दाखवलं होतं. थर्मन मात्र कॉलेजच्या बँडमधला. त्याचा पितळी भोंगा अजून लखलखीत होता. कॉलेजात असताना तो भोंगा फुंकतानाच समोरच्या स्टँडमध्ये निळ्या स्वेटरमधली व्हेल्मा दिसली आणि त्याचा ताल चुकला, तो आजतागायत सापडलेला नाही. ते दिवस आठवले की थर्मनला भरून येई. हार्लनने बोल जिंकलाय आणि आपण आपलंच गाणं वाजवतोय, एवढं एकदा होऊ दे, मग डोळे मिटले तरी चालतील, असं तो म्हणे.

डोळे मिटले खरे, पण ते दुपारी जेवलेल्या चवळी-भाताने.

जाग आली तेव्हा टीव्हीवर हार्लनचा खेळाडू शेवटच्या क्षणी दोन खांबांमधून चेंडू मारत होता. जिंकलो!

"अगदी सप्टेंबरसारखंच," थर्मन पुटपुटला. "देव एकदा द्यायला लागला की तेच तेच देतो."

ऐन जानेवारीत प्रेक्षक अर्ध्या बाह्यांत बसलेले त्याला दिसले. (विजयाची ऊब, दुसरं काय.) खिडकीबाहेर त्याच्याच अंगणात शेजारीपाजारी घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते, व्हेल्माही त्यांच्यात होती. आपल्या कौतुकाला सगळी गल्ली लोटलीय म्हणताना थर्मनने भोंगा अंगावर चढवला, बाहेर येऊन हार्लनचं गाणं छाती फुटेस्तोवर वाजवलं आणि कमरेत वाकला.

टाळ्या पडल्या, पण जपून.

"हे कुठलं रे?" शेजारच्या पर्व्हिसने विचारलं.

"आमचं. ओळखलं नाहीस?"

"कसं ओळखणार? तू कधी वाजवलंयस का?"

"थर्मन," व्हेल्मा म्हणाली, "तुम्ही जिंकलात असं कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं? या डोळ्यांनी पाहिलं."

"तू कॅसेट लावून घोरत होतास. म्हणून मी खरा सामना पर्व्हिसकडे जाऊन पाहिला. एकतीस-तीन."

"एकतीस कोण?"

सगळे आपापल्या खुर्चीचे पाय न्याहाळू लागले. माणसं सभ्य होती.

व्हेल्माने उठून त्याची कॉलर सारखी केली. "मला तुला थांबवता आलं असतं. पण म्हटलं, इतकी वर्षं भोंगा पुसतोयस, एकदा तुझं गाणं वाजवून घे."

थर्मनने मुकाट्याने भोंगा पुन्हा तोंडाला लावला आणि डोळे मिटून कूसाचं गाणं वाजवलं. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही.

"हे मात्र झकास वाजवतोस," पर्व्हिस म्हणाला.

"वाजवेल नाहीतर काय," व्हेल्मा खुर्चीची घडी घालत म्हणाली. "चाळीस वर्षांचा रियाज आहे."