एका अर्जातल्या दोघी

टप्प असा एवढासाच आवाज झाला, पण घर इतकं गप्प होतं की उल्का दचकली. फ्रीजवरचं भोपळ्याच्या आकाराचं मॅग्नेट खाली पडलं होतं. त्याने धरून ठेवलेला कागद हवेत दोन हेलकावे घेत, कसलीही घाई नसल्यासारखा, तिच्या पायाशी येऊन टेकला. कागदावर तळं होतं, तळ्यावर झुकलेली झाडं होती आणि पांढऱ्या पक्ष्यांचा थवा होता. खाली कुनमिंग असं लिहिलं होतं.

उल्काने कागद उचलला, मॅग्नेट पुसलं आणि दोन्ही पुन्हा जागच्या जागी लावली. बाहेर हॅलिफॅक्सवर धुकं उतरलं होतं. समोरचं घर नव्हतं, रस्ता नव्हता, बंदर तर कालपासूनच नव्हतं. फेब्रुवारी संपत आला होता. लेकीला, जाईला, शाळेच्या बसमध्ये बसवून आणि नवऱ्याला, शंतनुला, लॅबकडे पिटाळून तिला रोज तासभर मिळे. तेवढ्यात ती चीनला जाऊन येई. कुनमिंगला म्हणे बाराही महिने वसंत असतो. शिवाय हिवाळ्यात तिथलं आणि इथलं घड्याळ बरोबर बारा तासांनी वेगळं, म्हणजे काटे सारखेच. इकडे सकाळचे नऊ तर तिकडे रात्रीचे नऊ. घड्याळ फिरवायला नको, नुसता सूर्य उलटा करायचा. उल्काला हे फार आवडलं होतं. त्या गावात कुणीतरी आपली जागा धरून ठेवली आहे आणि काटे जुळवून वाट बघतं आहे असं तिला वाटायचं.

नागपूरच्या मुलींच्या कॉलेजात पाच वर्षं तिने इंग्रजी शिकवलं होतं. लग्न होऊन ती पुण्याला गेली आणि चार वर्षांपूर्वी शंतनुबरोबर इथे आली. इथल्या शाळांनी तिची सर्टिफिकेटं पाहून छान स्माइल केलं आणि आधी आणखी दोन वर्षं शिका असं सुचवलं. तेव्हापासून तिचं वर्गात उभं राहणं बंद होतं. कधीकधी ती टोमॅटो चिरताना पुटपुटायची, "सायलेन्स, प्लीज." ऐकायला एकटी कोथिंबीर असायची.

शंतनुचं विद्यापीठातलं काम ऑगस्टमध्ये संपणार होतं. तो समुद्राच्या तळाच्या गाळावर संशोधन करायचा. कुनमिंगच्या शाळेची जाहिरात तिने भीतभीतच त्याला दाखवली, तर तो म्हणाला, "कर अप्लाय. तिथे एवढं मोठं तळं आहे. गाळ काय, गाळ तो गाळ. मी काहीतरी बघेन." चार वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्यामागे कुठे जायला तयार झालं होतं. त्या दिवशी भाताच्या शिट्ट्या किती झाल्या हे तिला समजलं नाही.

तिने अर्ज पाठवला, पासपोर्टची प्रत पाठवली, एम.ए.चं सर्टिफिकेट पाठवलं, कॉलेजचं अनुभवपत्र पाठवलं. आठव्या दिवशी शाळेच्या मिस ल्यू यांचं मेल आलं. सुरुवात अशी होती: प्रिय मिस शीला आणि मिस उल्का, आपणा दोघींचे अर्ज मिळाल्याने आम्हाला अतिशय आनंद झाला आहे.

उल्काने ते तीनदा वाचलं आणि मग कपाळावर हात मारला.

त्याचं झालं होतं असं. लग्नाआधी ती शीला गुरुदत्त देवपुजारी होती. सगळी सर्टिफिकेटं त्या नावाची. पण ज्या घरी ती गेली तिथे सासूबाईंचंच नाव शीला. एका घरात दोन शीला नांदायच्या कशा, या प्रश्नावर गोगट्यांच्या घरी फार वेळ गेला नाही. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले, शंतनुच्या हाती अंगठी दिली आणि त्याने तांदळात लिहिलं, उल्का. तेव्हापासून पासपोर्टावर उल्का शंतनु गोगटे. पहिलं नाव गेलं, मधलं गेलं, आडनाव गेलं. लग्नाचा दाखला तिने जोडला होता, पण तो मराठीत होता. मिस ल्यूंनी त्याला आणखी एखादी पदवी समजून फाइलला लावलं होतं.

पुढे लिहिलं होतं की मिस शीला यांचं शिक्षण उत्तम आहे आणि मिस उल्का यांचा पासपोर्टवरचा चेहरा प्रसन्न आहे. दोघींना एक फ्लॅट मिळून राहायला चालेल का?

"चालेल का म्हणजे, आठ वर्षं राहतायत," शंतनु म्हणाला. उल्काने त्याच्याकडे असं पाहिलं की तो हातमोजे शोधायला आत गेला.

तिने लगेच उत्तर लिहायला घेतलं. आधी पानभर झालं. त्यात तांदूळ आले, अंगठी आली, सासूबाई आल्या. वाचून तिलाच ते एखाद्या गुन्ह्याच्या कबुलीसारखं वाटलं. मग सगळं पुसून तिने एकच ओळ पाठवली, की शीला आणि मी, आम्ही एकच आहोत. मिस ल्यूंनी उलट कळवलं की असा स्नेह हल्ली दुर्मीळ झाला आहे, तरी दोघींना एकच खोली देण्याची व्यवस्था करू. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला त्या फोन करणार होत्या.

साडेआठला उल्का बसथांब्यावर होती. रात्री बर्फ पडल्यामुळे बस उशिरा आली आणि जाईने बर्फात एक बूट हरवला. घरचा फोन शंतनुने घेतला. पलीकडून नम्र आवाजात विचारलं, मिस शीला आहेत का? आता जन्मापासून शंतनुच्या घरी शीला एकच. त्याने सवयीने सांगून टाकलं की त्या इथे नसतात, पुण्याला असतात. वय अडुसष्ट. गुडघे फार दुखतात, जिना चढवत नाही. पण काही निरोप असेल तर देतो.

उल्का घरी आली तेव्हा तो टोस्टला लोणी लावत होता.

"कुणाचा फोन होता?"

"कुणीतरी आईची चौकशी करत होतं. बाई होत्या, आवाज छान होता." सुरी हवेत थांबली. "अगं, उल्का..."

"हं. खा आता टोस्ट."

संध्याकाळी मेल आलं. मिस शीला यांच्या या वयातल्या उत्साहाने आम्ही भारावून गेलो, पण आमच्याकडे वयाची मर्यादा साठ आहे, आणि वर्ग चौथ्या मजल्यावर आहेत. मिस उल्का यांच्या कागदांत पदवी आढळत नाही, तेव्हा त्यांनाही घेता येत नाही. दोघींच्या मैत्रीला शुभेच्छा.

म्हणजे एकीकडे पदवी होती पण गुडघे नव्हते, दुसरीकडे गुडघे होते पण पदवी नव्हती. उल्का फ्रीजसमोर उभी राहिली. त्या तळ्याच्या काठाने दोन बायका चालल्या आहेत असं तिला दिसलं. एक दोन वेण्या घातलेली, हातात पेपरांचा गठ्ठा, तोंडाने अखंड बडबड. दुसरी तिच्यामागून मुलीचा बूट शोधत. पहिली मागे वळून बघतच नव्हती.

शंतनुला फार वाईट वाटलं होतं. त्या भरात त्याने रविवारी आईला फोनवर सगळं सांगितलं. सासूबाईंनी मधे एकदाही न टोकता ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मला बोलावत होते?"

"आई, तुला नाही गं. उल्काला. ती पूर्वी शीला होती ना."

"पण नाव तर माझंच घेतलं ना त्यांनी. साठ म्हणे. साठाला मी योगासनांचे वर्ग घेत होते." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "खालच्या मजल्यावर वर्ग देत असतील तर विचार. मी आपलं बघितलं असतं."

उल्काला हसू आलं आणि त्या हसण्याबरोबर तिची जिद्दही परत आली. तिच्या जागेसाठी आता सासूबाईसुद्धा उभ्या राहिल्या होत्या. असं बसून चालणार नव्हतं.

सोमवारी ती दोघं एका म्हाताऱ्या वकिलांकडे शपथपत्र करायला गेले. स्वेटरवर मांजराचे केस असलेले, हळू बोलणारे गृहस्थ होते. उल्काने दाखल्याचं भाषांतर पुढे ठेवलं, तांदळाची हकिकत सांगितली. त्यांनी चष्मा काढून ती दुसऱ्यांदा सांगायला लावली. कायद्यासाठी नव्हे, त्यांना आवडली म्हणून. मग म्हणाले की दोन्ही बायकांना ओळखणारा कुणी साक्षीला असला तर बरं.

शंतनु खुर्चीत सरसावून बसला.

"मिस शीलांना तुम्ही किती काळ ओळखता?" वकिलांनी विचारलं.

शंतनुने हिशेब केला. बघण्याचा कार्यक्रम एक, नंतर हॉटेलात कॉफी एकदा. लग्नात बोलायला मिळालं नव्हतं. "दोन तास," तो म्हणाला. "फार तर सव्वादोन."

"आणि मिस उल्कांना?"

"आठ वर्षं."

वकिलांनी लिहून घेतलं. मग पेन ठेवून, जरा कुतूहलाने, त्या पहिल्या बाई कशा होत्या असं विचारलं. शंतनुने खिडकीबाहेर पाहिलं. धुक्यात एक फेरीबोट पलीकडच्या काठाकडे निघाली होती.

"फार बोलायची," तो म्हणाला. "कॉफी गार झाली तरी बोलत होती. मी तेवढ्यावरच हो म्हटलं होतं." उल्काकडे न बघता त्याने पुस्ती जोडली, "नंतर कुठे गेली कोण जाणे."

उल्का सहीसाठी पुढे आलेल्या कागदाकडे बघत राहिली. मी, उल्का शंतनु गोगटे, शपथपूर्वक सांगते की शीला गुरुदत्त देवपुजारी ही मीच आहे. इतकं सरळ वाक्य. सही करायला पेन उचलून ती पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली, तेव्हा वकील समजुतीने म्हणाले की घाई नाही, बाहेर तसंही काही दिसत नाहीये.

या वेळी मिस ल्यूंचा फोन आला तेव्हा तो उल्काने स्वतः घेतला, आणि एकदा बोलायला लागली ती थांबेना. एम.ए. कशात केलं ते सांगितलं, मागच्या बाकावरच्या मुलींना बोलतं कसं करायचं ते सांगितलं, वर्गात कुणी हसलं तर आधी का हसली ते विचारायचं असतं हे सांगितलं. शंतनु दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याच्या हातातला चहा निवला.

मिस ल्यूंना शपथपत्र मिळालं होतं. फक्त एक कळत नव्हतं. त्यांच्याकडे बाई लग्न झालं तरी आपलंच नाव ठेवते. तुमचं नाव बदलायला काय झालं होतं? काही चूक घडली होती का?

"चूक अशी नाही," उल्का म्हणाली आणि तिने वर्गात मुलं किती असतात ते विचारलं.

मिस ल्यूंनी ताणलं नाही. नोकरी तुमचीच, त्या म्हणाल्या, सप्टेंबरपासून या. मग त्याही जरा मोकळ्या झाल्या. त्यांचं स्वतःचं इंग्रजी नाव डेझी. शाळेतल्या परदेशी बाईंनी ठेवलेलं. मोठेपणी कळलं की बाईंच्या कुत्रीचं नाव डेझी होतं. त्या यावर हसल्या, मग उल्काही हसली. तेवढ्यासाठीच सांगते, मिस ल्यू म्हणाल्या. पहिल्या दिवशी तुम्हाला चाळीस मुलांना इंग्रजी नावं द्यायची आहेत, आमच्या शाळेची तशी पद्धत आहे. यादी आतापासून करून ठेवा. सोपी हवीत, आणि एक नाव दोघांना नको, गोंधळ होतो.

शनिवारी सकाळी उल्का वही घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. ऊन पडलं होतं. कितीतरी दिवसांनी समोरचं घर जागेवर आलं होतं. शंतनु बाहेर गाडीभोवतीचा बर्फ फावड्याने बाजूला करत काहीतरी गुणगुणत होता. एमा, टायलर, मेगन, लूकस. जाईने आपला अख्खा वर्ग आईला देऊन टाकला. वर वर्गातल्या गिनीपिगचं नाव पिकल्स आहे असंही सांगितलं, पण उल्काने ते ठामपणे नाकारलं. एकतीस झाली. आणखी नऊ हवी होती. एकेक नाव लिहिताना त्याखाली एकेक डोकं दिसत होतं, तेल लावून बसवलेलं, खिडकीतून तळ्याकडे बघणारं. उल्का मनाने केव्हाच चौथ्या मजल्यावर पोचली होती.

जाई रंगवायचं थांबवून यादीकडे बघत होती.

"आई, डोन्ट दे हॅव नेम्स?"

"असतात की. घरची नावं असतात त्यांना."

"देन व्हाय?"

"टीचरला पटकन हाक मारता यावी म्हणून."

जाईने यावर विचार केला. "बट व्हॉट इफ अ गर्ल लाइक्स हर ओन नेम?"

"होते सवय," उल्का म्हणाली. पेन बत्तिसाव्या आकड्यापुढे टेकलं होतं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत चालला होता.

जाईने हातातला खडू खाली ठेवला. तिला हे नीट समजून घ्यायचं होतं, म्हणून ती खुर्चीवर गुडघ्यांवर उभी राहिली आणि आईच्या अगदी तोंडासमोर तोंड आणून तिने विचारलं, "इन हाउ मेनी डेज, आई?"