पांदेलीस वुर्लाकिस यांनी नाचायला यावे!

माणसाच्या अंगी एखादा तरी गुण असावा. माझ्या अंगी सहल निवडण्याचा आहे. असं लोक म्हणतात असं मी म्हणणार होतो, पण खरं सांगायचं तर हे मीच म्हणतो. अथेन्सहून एका दिवसात बेटावर जाऊन यायचं म्हटलं की पिरेअस बंदरावर बोटीच बोटी! सामान्य माणूस तिथं गांगरतो. मी गांगरत नाही. मी जन्मभर विजेचे मीटर वाचलेत. मला काचेआडचं दिसतं.

त्यात या वेळची सहल म्हणजे पोरखेळ नव्हता. माझ्या नातवाचं नाव पणाला लागलं होतं!

आमच्याकडे बाप्तिस्मा होईपर्यंत मूल नुसतं 'बाळ' असतं. नाव नाही, काही नाही. आणि रीत अशी, की पहिल्या नातवाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं. म्हणजे माझं! पांदेलीस! माझ्या आजोबांचंही हेच नाव. त्यांना चार मुलगे झाले, आणि चौघांनीही रीत पाळून आपापल्या थोरल्याचं नाव पांदेलीस ठेवलं. त्यामुळे आमच्या एकट्या नीकेआ भागात आज चार पांदेलीस वुर्लाकिस नांदतात. ओळखू यावेत म्हणून एक फ्रीजवाला, एक औषधवाला, एक नुसताच लांब्या, आणि मी मीटरवाला. टपालवाला आमच्या गल्लीत शिरताना छातीवर क्रॉस काढतो.

तुम्ही म्हणाल, चार असताना पाचवा कशाला? पण ऐका. फ्रीजवाल्याचं लग्नच झालं नाही. औषधवाला आणि लांब्या, दोघांना मुलीच. मुलगा मला एकट्याला, आणि त्याचं हे बाळ. ते पांदेलीस झालं नाही, तर आमच्यामागे हे नाव संपलं! या विचारानं मला झोप लागत नसे.

आणि आडवे कोण आले? व्याही! सूनबाई त्यांची एकुलती एक. त्यामुळे त्यांना वाटे, बाळाला त्यांचं नाव मिळावं. त्यांचं नाव थ्रासिवुलोस. मला सांगा, एवढंसं लेकरू हे नाव उचलणार कसं?

माझा मुलगा हुशार. "तुम्ही दोघं ठरवा, आम्हाला काहीही चालेल," असं म्हणून त्यानं अंग काढून घेतलं.

तेव्हा मी बेत रचला. जुलैअखेरीस संत पांदेलेइमोनांचा दिवस येतो, म्हणजे आम्हा सगळ्या पांदेलीसांचा नामदिन. त्या दिवशी त्या नावाच्या माणसाला नाही म्हणायचं नसतं. नेमके त्याच आठवड्यात व्याही-विहीण थेस्सालोनिकीहून यायचे होते. त्यांना सुंदरशा बेटावर न्यायचं, चांगली मासळी खाऊ घालायची, आणि पोट भरलं की हळूच विषय काढायचा.

"कुठली सहल घेताय?" आमच्या इवान्थियानं विचारलं. "ती तीन बेटांची घ्या. गाणी असतात, नाच असतो."

"छे छे! व्याही द्राक्ष सोलून खाणारा माणूस आहे. त्यांना गोंगाट सोसत नाही. एकच बेट, इद्रा! छोटी बोट, निवडक माणसं, गाणं नाही की बजावणं नाही."

"म्हणजे मयताला जातात तसं."

"इवान्थिया, सहल कोण निवडतंय?"

"त्याचंच तर भ्या वाटतंय," ती म्हणाली.

बोटीच्या कंपनीत जाऊन मी चौघांची नावनोंदणी केली आणि कॉफीच्या दुकानात चार लोकांना ती ऐकवलीही. कंपनी कोणती, तिथली बाई किती सज्जन, सगळं. ऐकणाऱ्यांत फ्रीजवाला होता. तो फासे टाकता टाकता "हं हं" करत होता. त्याच्या 'हं'चा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

नामदिनाच्या सकाळी आम्ही पिरेअसला पोचलो. व्याही पांढऱ्याशुभ्र विजारीत, विहीणबाई ओलिम्बिया मोठ्या टोपीत. धक्क्यावर एकाच कंपनीच्या दोन बोटी लागलेल्या. कंपनीची एक चुणचुणीत मुलगी उभी होती.

"नाव?"

"पांदेलीस वुर्लाकिस. चौघं."

तिनं आधी माझ्याकडे, मग आपल्या कागदाकडे पाहिलं. "मघाशी एक वुर्लाकिस गेले ना... हां, हे दुसरे चौघं! या, या, वर चढा. नामदिनाच्या शुभेच्छा!"

मी ऐटीत वर चढलो. बोट बरीच मोठी वाटली. माणसं जरा जास्तच निवडक होती, म्हणजे बसायला जागा नव्हती. बोट सुटली आणि डोक्यावरचा कर्णा खरखरला.

"मंडळी, तीन बेटांच्या संगीतमय सफरीत आपलं स्वागत! आगिस्त्री, पोरोस, एजिना!"

 फ्रीजवाला! त्यानं माझ्याच शिफारशीवरून त्याच कंपनीत, त्याच दिवशी पण तीन बेटांच्या बोटीत, आपल्या तीन सोंगट्याबहाद्दर दोस्तांसह नाव घातलं असणार. सकाळी माझ्या आधी येऊन "पांदेलीस वुर्लाकिस, चौघं" म्हणाला असणार, आणि त्या पोरीनं त्याला माझ्या इद्राच्या बोटीत बसवलं!

"व्याहीबुवा, एकच बेट म्हणाला होतात ना?" व्याहींनी विचारलं.

अशा वेळी खरं बोलणारा माणूस निराळा. मी म्हणालो, "एकच म्हटलं होतं, म्हणजे तीनचा आनंद अचानक व्हावा म्हणून!"

"आमच्या थेस्सालोनिकीत एक म्हणजे एक असतं," विहीणबाई म्हणाल्या.

 इवान्थियानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्याला आमच्या घरात शब्द लागत नाहीत.

आगिस्त्री बरं गेलं, कारण मी सगळ्यांना पाण्यात उतरवलं. पाण्यात प्रश्न विचारता येत नाहीत. पुढे जेवण वाढू लागले, मी मासळीचा विषय काढून नावाकडे वळणार, तोच पुन्हा कर्णा!

"मंडळी, आज आपल्यात एक नामदिनवाले आहेत! त्यांनी स्वतःहून कळवलंय की ते एकट्यानं झेइबेकिको नाचणार! पांदेलीस वुर्लाकिस यांनी नाचायला यावे!"

"तुम्ही कळवलंत?" इवान्थियाचा घास हातातच राहिला.

"मी कशाला कळवू? माझे गुडघे बघ!"

कळवलं असणार फ्रीजवाल्यानं, पण बोटभर लोक टाळ्या पिटायला लागले. "पांदेलीस! पांदेलीस!" झेइबेकिको हा दुःखी माणसाचा नाच. हात पसरायचे, डोलायचं, मधेच जमिनीला हात लावायचा. दुःख माझ्याकडे भरपूर होतं, प्रश्न जमिनीचा होता. मी उठलो. हात पसरले. दोन गिरक्या घेतल्या. लोकांनी आरोळी दिली, आणि मला काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, मी जमिनीला हात लावायला वाकलो!

कंबरेत कट्कन आवाज झाला. मी तसाच राहिलो. लोकांना वाटलं, काय भाव आहे! काय ताल आहे! एक बाई तर रडली.

आणि पाहतो तो काय! नाचणाऱ्याभोवती त्याच्या माणसानं एक गुडघा टेकून टाळी धरायची असते. ती रीत पाळून व्याही, थ्रासिवुलोस, द्राक्ष सोलून खाणारे थ्रासिवुलोस, पांढऱ्या विजारीसकट त्या तेलकट फळ्यांवर गुडघा टेकून टाळ्या देत होते!

"व्याही, उठवा मला," मी वाकल्या वाकल्या कुजबुजलो.

"आधी मला कोणीतरी उठवा," ते म्हणाले.

शेवटी दोघांना दोन खलाशांनी उचललं. त्याचंही लोकांनी कौतुक केलं. पोरोस आम्ही बाकावर बसूनच पाहिलं.

एजिना आलं. म्हटलं, आता काय वाईट होणार? इथं पिस्ते घ्यायचे, जरा सावलीत बसायचं, आणि नावाचं काढायचं. कमरेला हात लावून मी धक्क्यावर उतरलो. समोर एक भरदार बाई उभी होती. निळा पोशाख, एका हातात तुळशीची कुंडी, दुसऱ्या हातात पिस्त्यांचा डबा.

"वुर्लाकिस कोण? पांदेलीस वुर्लाकिस?" ती उतारूंना विचारत होती.

"हे काय, हे!" व्याहींनी अभिमानानं मला पुढे ढकललं.

"अगं बाई! अखेर आलात!" तिनं कुंडी आणि डबा माझ्या हातांत कोंबले आणि माझे दोन्ही गाल ओढले. "फोनवर आवाज केवढा भारी! प्रत्यक्षात जरा वाळलेलेच आहात हो. असू दे. मी खाऊ घालीन!"

 विहीणबाईंनी टोपी काढली.

"या कोण?" इवान्थियानं विचारलं. आवाज अगदी गोड. मी कुंडी घट्ट धरली.

"मी स्तामाता. खाणावळ आहे माझी. ईस्टरच्या ऐन गर्दीत फ्रीज बंद पडला, तर यांनी फोनवरून सांगून सांगून चालू करून दिला! तेव्हापासून रोज फोन करतात. आधी फ्रीजची तब्येत विचारायचे, आता माझी विचारतात." आणि ती लाजली. "तुम्ही यांच्या बहीण का?"

"मी यांची बायको!"

"बाई, तो मी नव्हे!" मी ओरडलो.

"तुम्ही पांदेलीस वुर्लाकिस नाही?"

"आहे! पण तो पांदेलीस वुर्लाकिस मी नव्हे!"

"शोभत नाही हो या वयात," विहीणबाई म्हणाल्या.

मी खिशातून ओळखपत्र काढलं. त्याच्यावर ठळक अक्षरांत माझं नाव! ते पाहून स्तामाताबाईंनी पिस्त्यांचा डबा मागे घेतला. जिच्यासाठी मी व्याह्यांशी भांडायला निघालो होतो, ती माझ्या नावाची अब्रू अशी धक्क्यावर पडली होती. बाळाचं नाव सोडाच, आता बाळ तरी हातात देतात की नाही असं वाटायला लागलं. खरंच सांगतो, मला रडू येत होतं.

मी फ्रीजवाल्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"अरे पांदेलीस!" पलीकडून तोच बोंबलला. "ही कसली मसणवटी निवडलीस रे? गाणं नाही, बजावणं नाही! एक बाई आम्हाला तास झाला जुन्या तोफा दाखवतेय! आणि माझी स्तामाता तिकडं एजिनाला वाट बघत असेल की रे!"

"बघतेय," स्तामाताबाई म्हणाल्या. "आणि तुझ्या नाववाल्याचे गाल ओढून बसलेय!"

 पलीकडून बारीक आवाज आला, "फ्रीज बरा आहे ना?"

पहिल्यांदा व्याही हसले. मग विहीणबाई. मग इवान्थिया हसली, आणि तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. स्तामाताबाईंनी डबा परत माझ्या हातात दिला, उभ्या उभ्या खाणावळीला कुलूप लावून आल्या आणि आमच्याबरोबर बोटीत चढल्या. "पिरेअसला जाऊन त्याला आता बघतेच," म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर मी आणि व्याही कठड्याशी बसलो. त्यांच्या विजारीवर तेलाचा मोठा डाग होता. मला त्या डागाकडे बघवेना.

"व्याही," मी म्हणालो, "बाळाचं नाव थ्रासिवुलोस ठेवा. मी मनापासून सांगतो. लेकराला निदान स्वतःचं एकट्याचं नाव तरी मिळेल. आमचं नाव फार वापरून झालंय हो."

"अजिबात नाही!" व्याही उसळले. "अहो, पस्तीस वर्षं मी कचेरीत मान खाली घालून शिक्के मारले. आज पहिल्यांदा भर बोटीत गुडघ्यावर बसून टाळ्या दिल्या! सगळी बोट ओरडत होती, पांदेलीस! पांदेलीस! थ्रासिवुलोस असं ओरडता तरी येईल का? दम लागेल लोकांना! पांदेलीसच!"

"थ्रासिवुलोस!"

"पांदेलीस म्हणतो ना मी!"

"माझ्या नामदिनी मला नाही म्हणता?"

"तुमच्याच नावासाठी भांडतोय ना!"

शेवटी इवान्थिया मधे पडली. "दोघांनी तोंडं मिटा. पोरं ठरवतील आणि बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता सांगेल. तोवर पिस्ते खा."

बाप्तिस्म्याचा दिवस उजाडला. चर्च गच्च भरलेलं. पुढच्या रांगेत आम्ही, आमच्यामागे औषधवाला आणि लांब्या, खांबाशी फ्रीजवाला, आणि त्याचा दंड घट्ट धरून स्तामाताबाई. पाद्रीबाबांनी बाळाला पाण्याच्या कुंडावर धरलं आणि धर्ममातेकडे पाहिलं.  तोंडानं कितीही उदार झालो, तरी मनातून मला तेच नाव हवं होतं, हे आता लपवून काय उपयोग?

"नाव?"

धर्ममाता खणखणीत आवाजात म्हणाली, "पांदेलीस!"

आणि चर्चमधून आम्ही चार म्हाताऱ्यांनी एकदम ओ दिली. व्याहींनी जागच्या जागी गुडघा टेकून टाळी धरली! पाद्रीबाबांचा हात दचकला आणि पाचवा पांदेलीस ठरल्यापेक्षा जरा आधीच पाण्यात गेला.

नाव राहिलं! डोळे पुसता पुसता मी सगळ्या ओळखीच्यांना मिठ्या मारल्या, अनोळखी दोघांनाही मारल्या.

आता घरी त्याला कसली हाक मारतो म्हणता? अहो, पांदेलीस म्हटलं की मी उठून जातो, रस्त्यापलीकडून लांब्या येतो, आणि फ्रीजवाला फोन करून विचारतो, मला का बोलावलं. म्हणून सगळे अजून त्याला 'बाळ'च म्हणतात.