सगळं मीच केलं

मुलाखतीच्या खोलीत श्रीरंगचं जुनं प्रोजेक्ट त्याच्या आधीच येऊन बसलं होतं. अर्जात ज्याचं नाव लिहाल त्याला साक्षीला बोलावतात, ही सॉफ्टवेअर कंपन्यांची रीतच आहे. पण बहुतेक प्रोजेक्टं कळवूनही येत नाहीत, म्हणून श्रीरंग निर्धास्त होता. आता त्याला दरदरून घाम फुटला.

प्रोजेक्ट लिफ्ट चालवण्याचं होतं. हात मांडीवर ठेवून ते त्याच्याकडे आपुलकीनं बघत होतं.

"यात तुमचा वाटा किती?" मुलाखत घेणाऱ्या गुप्ते मॅडमनी विचारलं.

श्रीरंग वर्षभर घरी बसून होता. हल्ली सासरे जेवताना त्याच्याशी बोलतही नसत.

"सगळं मीच केलं," तो म्हणाला.

मॅडम प्रोजेक्टकडे वळल्या. "खरं का हो?"

सगळं केलं होतं शर्वरीनं, जुन्या ऑफिसात त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं. लिफ्ट मजल्यावर आल्याशिवाय दार उघडायचं नाही, अशी तपासणीही तिनं घातली होती. त्यामुळे ग्राहकाला दाखवताना लिफ्ट सारखी अडकायची. श्रीरंगनं ती तपासणी तात्पुरती बंद केली आणि पुन्हा चालू करायला साफ विसरला. त्याचं काम तेवढंच.

"खरं आहे," प्रोजेक्ट म्हणालं. "मला अडवणारं जे होतं ते यांनीच काढलं. फार उपकार आहेत यांचे."

"छान. आजच रुजू व्हा," मॅडम म्हणाल्या. "याला आपल्याच इमारतीत बसवलंय. ज्यानं केलं त्यानंच लिफ्टमध्ये आधी बसायचं, असा आमचा शिरस्ता आहे. एखादा भाग तुमचा नसेल तर आत्ता सांगा. ज्याचा असेल त्याला बोलावू. नोकरीही अर्थात त्यालाच."

श्रीरंगला सांगायचं होतं, अगदी मनापासून. पण घरी जाऊन सासऱ्यांसमोर पुन्हा ताटावर बसायचं, या विचारानं त्याची जीभच उचलेना.

"सगळं माझंच," तो म्हणाला.

तिघं बाहेर आली. मजला नववा होता. प्रोजेक्टनं अदबीनं बाजूला होत लिफ्टचं दार उघडलं. आत मिट्ट काळोख होता आणि खालून गार वारा येत होता. श्रीरंगनं मॅडमकडे पाहिलं.

"संकोच करू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही पोचलात की आम्ही चहाला येतोच."

"या ना," प्रोजेक्ट म्हणालं. "दार उघडंच आहे."

श्रीरंगनं शर्ट नीट खोचला आणि पाऊल उचललं.