सासूबाईंच्या आयरिसला मी घातलेलं खत

खत मातीत मिसळायचं की नुसतं वर पसरायचं, एवढाच प्रश्न होता. मी वर पसरलं. नेब्रास्कातल्या आमच्या आयरिस मंडळाचा कोणीही सभासद हे वाक्य ऐकून आधी हसेल आणि मग माझ्याकडे दयेने बघेल.

झालं असं, की सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या सहा आठवडे नणंदेकडे ओमाहाला राहायला गेल्या. बाग आली माझ्या गळ्यात. बाग म्हणजे आयरिस या फुलझाडाचे चाळीस गड्डे, आल्यासारखे वेडेवाकडे, आणि प्रत्येकापुढे नावाची पत्र्याची पट्टी. नाव नव्हतं फक्त एकाला. ते सासूबाईंनी स्वतः परागकण लावून, बी धरून तयार केलं होतं आणि तीन वर्षं वाढवलं होतं. या मे महिन्यात ते पहिल्यांदा फुलायचं होतं. फुललं की प्रदर्शनात ठेवायचं, फॉर्म भरायचा आणि आपल्या आवडीचं नाव द्यायचं, अशी इथली रीत. सासूबाई एकोणऐंशीच्या आहेत. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणं त्यांनी केव्हाच सोडून दिलंय.

निघताना त्यांनी मला बजावलं होतं : एप्रिलात प्रत्येक झाडाला खत म्हणून मूठभर लसूणघासाच्या, म्हणजे वाळक्या चाऱ्याच्या गोळ्या, गड्ड्यापासून चार बोटं लांब, मातीत नीट मिसळून. मी कॉलेजात इतिहास शिकले आहे, त्यामुळे माणसं कुठे चुकली ते मला सगळं घडून गेल्यावर उत्तम सांगता येतं. खुरपं हातात घेतलं. मुळं तुटली तर? गड्ड्याला जखम झाली आणि आत कुज शिरली तर? मी खुरपं जागेवर ठेवलं आणि गोळ्या केकवर साखर भुरभुरावी तशा वरच्यावर टाकल्या.

या गोळ्यांच्या पोत्यावर सशाचं चित्र असतं. ते का असतं, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. वाफ्यात पंगत बसली होती. मी हाकलायला बाहेर गेले. त्यातल्या एकाने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मीच घरात परत आले. माझा नवरा वेंडेल म्हणाला, ससे आयरिसला तोंड लावत नाहीत, खाऊ दे बिचाऱ्यांना. ते खरंच लावत नाहीत. पण शेजारच्या लोवेलकाकांचा कुत्रा सशांना तोंड लावतो. (निदान त्याची तशी फार इच्छा आहे.)

पुढचं दोन मिनिटांत आटोपलं. सशांना ओरखडाही नाही. नऊ गड्डे मात्र ढेकळांसकट उपटलेले आणि पट्ट्या अंगणभर. त्या नऊमध्ये सासूबाईंचं बिननावी झाडही होतं. आता नऊपैकी कुणालाच नाव नव्हतं.

मी रडत रडत सगळे परत लावले. त्यांच्या उघड्या पाठी बघून मला भडभडून आलं, म्हणून वर वीतभर मातीचं पांघरूणही घातलं.

संध्याकाळी लोवेलकाका कुत्र्याच्या वतीने माफी मागायला आले. चाळीस वर्षं प्रदर्शनाचे परीक्षक. त्यांनी वाफ्याकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

“पोरी,” ते म्हणाले, “हे तू लावलंयस की दफन केलंयस?”

गड्ड्याची पाठ उन्हात हवी, बदक पाण्यावर बसतं तसा तो मातीवर बसवायचा, हे इथे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. आम्ही दोघांनी गुडघे टेकून माती उकरली. कोणतं झाड कोणतं, ते मात्र काकांनाही सांगता येईना. म्हणाले, फुलेपर्यंत सगळी सारखीच.

सासूबाईंना मी फोनवर सगळं सांगून टाकलं. (त्यांनी फक्त ‘कशी आहेस’ एवढंच विचारलं होतं.) त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, “वाफ्यात काही जिवंत आहे का गं?”

“ससे आहेत,” मी म्हणाले.

मे महिन्यात त्या काठी टेकत परत आल्या. आठ गड्ड्यांनी नुसती पानं काढली होती. नवव्याला एक दांडा आणि त्यावर एकुलती एक कळी. ते त्यांचं की बाजारातलं, कोण सांगणार? प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी आम्ही तिघं आणि कुत्रा घरी बांधून आलेले लोवेलकाका वाफ्याभोवती उभे होतो. श्वास घ्यायची मला भीती वाटत होती. कळी सावकाश उलगडली. पाकळ्या काळपट तांबड्या, आणि मधला केसाळ पट्टा हळदीसारखा पिवळा. काका म्हणाले, असलं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही.

“हेच ते,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

प्रदर्शनात तिसरं बक्षीस मिळालं. घरी आल्यावर त्यांनी भरलेला फॉर्म माझ्यापुढे सरकवला. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं : कोरिन. म्हणजे मी. मला हुंदका आवरेना. डोळे पुसून मी खालचा वर्णनाचा रकाना वाचायला घेतला.

‘उंची बेताची. मान कलती. जराशा वाऱ्याने थरथरतं, काठीचा आधार द्यावा. कुत्र्याने उपटलं तरी जगतं.’