मानेची मोकळीक

एका जंगलात, बाळांनो, एक बंदूक होती. कुणी शिकारी पळता पळता ती टाकून गेला होता. सापडलेली वस्तू आपण पोलिसात देतो. जंगलात तिच्यासाठी खाते उघडतात. तसे बंदूकखाते उघडले.

शिकारी पुन्हा हद्दीशी दिसले की गणोजी अस्वल हवेत एक बार काढी. शिकारी पळत. मग रिकामी पितळी पुंगळी सटवाजी साळिंदर उचलून आणी, तिच्यात नवी दारू भरी आणि तिच्या तोंडाकडच्या मानेत नवी गोळी बसवी. दोघे लहानपणापासूनचे दोस्त. एकाच झाडाखालची मोहाची फुले खाऊन दोघे वाढलेले.

सटवाजीची एक पद्धत होती. पुंगळीची मान तो बाहेरून जराशी तासायचा. त्यामुळे काडतूस बंदुकीत बसले की मानेभोवती केसभर जागा उरायची. बार उडाला की पितळ फुगते. फुगायला जागा मिळाली की ते गोळीला सोडते. नाही मिळाली तर गोळी अडकते आणि आतला जाळ मागे फिरतो. मागे कोण असते? शाब्बास. गणोजी.

त्या वर्षी वाघोबा महाराजांनी फर्मान काढले, ‘कोणत्याही खात्यात ढिलाई खपवून घेतली जाणार नाही.’ अंमलबजावणी घोरपडबाईंकडे दिली. एकदा चिकटल्या की त्या सुटत नसत. एवढीच त्यांची पात्रता होती, पण ती पुरली.

बाईंनी बंदुकीत काडतूस सरकवून पाहिले. ते अलगद गेले. बाईंच्या कपाळाला आठी पडली.

“हे सैल आहे.”

“बाईसाहेब, मानेला तेवढी मोकळीक लागते.”

“मोकळीक? कुणी दिली?”

“मीच देतो. तासून.”

“म्हणजे सरकारी पितळ तासता, आणि वर परस्पर मोकळीक वाटत फिरता! मोकळीक ही ढिलाईची थोरली बहीण आहे, कळलं?”

सटवाजीला सगळे समजावून सांगता आले असते. त्याने तोंडही उघडले. तेवढ्यात बाई म्हणाल्या, की यंदा ‘घट्ट सेवक’ पदक द्यायचे आहे आणि लायक जनावर काही सापडत नाही. सटवाजीने तोंड मिटले.

त्या दिवसापासून त्याने तासणे बंद केले. जाड मानेचे काडतूस बंदुकीत रेटून बसवावे लागे. बाईंना फार आनंद झाला. पदक सटवाजीच्या गळ्यात पडले.

मग शिकारी आले. गणोजीने काडतूस घातले, पण मागून बंद करायचा बोल्ट काही लागेना.

“सट्या, आज जड जातंय रे. बरोबर आहे ना हे?”

सटवाजीच्या शेजारीच बाई उभ्या होत्या.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “दाब जोरात.”

गणोजीने दोस्ताचा शब्द मानला.

आवाज असा झाला की शिकारी तालुका सोडून गेले. बोल्टही गेला. गणोजीचा उजवा कान गेला, आणि डाव्याला ओरडल्याशिवाय काही ऐकू येईना.

रीतसर चौकशी झाली. पितळात ढिलाई आढळली नाही. दारूत आढळली नाही. ‘बंदूक धरण्यात अस्वलाने ढिलाई केली’ असा निष्कर्ष निघाला. शिकारी पळाल्याबद्दल घोरपडबाईंचे अभिनंदन झाले.

सटवाजी गणोजीच्या गुहेत गेला. त्याला स्वतःची लाज वाटत होती. खरोखर वाटत होती, एवढे त्याच्या बाजूने सांगायला हवे.

“गण्या, चूक माझी होती,” तो हळूच म्हणाला. “मला ठाऊक होतं.”

“आँ? मोठ्यानं बोल की!”

सटवाजीने दाराकडे पाहिले. बाहेरच्या दगडाला घोरपडबाई चिकटलेल्या होत्या.

“म्हटलं, पदक मिळालं मला!” तो ओरडला.

“अरे व्वा! सांगायचं नाही का आधी!” म्हणत गणोजीने त्याला मिठी मारली. काटे टोचत होते, तरी बिचाऱ्याने बराच वेळ सोडले नाही.

तात्पर्य : मान मिळवायचा असेल तर मानेला मोकळीक देऊ नये. फक्त कान दुसऱ्याचा असावा.