कच्चं सिमेंट

दातावरची कॅप निघेना. डॉक्टर मंजुश्रीने चिमटा बदलला, हलक्या हाताने ठोकून पाहिलं, शेवटी पाय रोवून ओढलं. नांदुऱ्यातल्या तिच्या नव्या दवाखान्याची खुर्ची कुरकुरली, खुर्चीतले कचरू, म्हणजे तिचे वडील, अर्धवट उठून बसले. कॅप होती तिथंच.

"बाबा, दुखते का?"

"नाई. पन मुंडकं निघते असं वाटून राह्यलं."

ही कॅप तिनेच बसवली होती, सात वर्षांपूर्वी, शिकत असताना. कच्च्या सिमेंटने. पंधरा दिवसांनी काढून पक्क्याने बसवायची होती. मग परीक्षा आली, लग्न आलं, आता बाहेर आजीच्या मांडीवर झोपलेली चिमुरडी आली, आणि पंधरा दिवस लांबतच गेले. कच्चं सिमेंट लाळेत विरघळतं, फट पडते, दात आतून कुजतो. बापाचा दात आपणच कुजवला, या धास्तीने तिने एक्स-रे काढला.

काळा ठिपकासुद्धा नव्हता! कडेने टोकदार सळई फिरवली, तर केसाएवढी फट नाही. सात वर्षं चोवीस तास लाळ, वर चहा, चिंच, लिंबू. आणि कागदाएवढा तो थर जागचा हलला नव्हता. विहारात बोलावं तशा हळू आवाजात ती म्हणाली, "असं तर पुस्तकातही नाही."

पडद्यापलीकडे बाकावर कॅपसाठी थांबलेल्या शालूबाई आत डोकावल्या. "डॉक्टरीनबाई, मले बी तेच कच्चं लावा."

"मावशी, कच्चं टिकत नाही हो."

"सात वर्षं टिकलं नं?" मागून भाऊराव म्हणाले. "वडलाले एक अन् आमाले दुसरं, काऊन?"

बाकावरच्या चौघांनीही कच्च्याचाच हट्ट धरला. आठवड्याभरात चौघांच्या कॅपा भाकरीबरोबर पोटात जाणार आणि दवाखान्याला कुलूप लागणार, हे तिला स्पष्ट दिसलं.

"बाबा, तुम्हीच सांगा यायले. काय खाता तुम्ही?"

"सगळंच. पन या बाजूनं नाई."

"काऊन?"

"तूच तं म्हनली होती, पक्कं लावत नाई तोवर तिकून चावू नोका."

"सात वर्षं?"

"तुह्या लग्नातला लाडू बी एकाच गालात फिरवत बसले होते," बाहेरून तिची आई, तानाबाई, नातीला थोपटत म्हणाल्या. "म्या म्हनलं, पोरीले फोन करा. तं म्हने, तिले टाइम भेटन तवा बलावन."

चष्मा पुसायच्या निमित्ताने मंजुश्रीने डोळे पुसले आणि बाकाकडे वळली.

"लावते कच्चं. फक्त सात वर्षं त्या बाजूनं चावायचं नाही."

शालूबाईंनी क्षणभर विचार केला. "पक्कंच लाव, माय."

"बाबा, कॅप राहू द्या तशीच. आता दोन्हीकून खा."

"खातो. पन हा इकडचा लय ठणकून राह्यला."

तिने पाहिलं. सात वर्षं दोघांचं काम एकट्याने ओढून तिकडची दाढ झिजून सपाट झाली होती, मधोमध चीर. तिने दाढ तासली, माप घेतलं, तात्पुरती कॅप चढवली. पक्की पंधरा दिवसांनी.

"म्हंजे आता इकून चावू नोको?"

"नको."

कचरू काळजीत पडले. "मंग जेवू कोनत्या बाजूनं?"

मंजुश्रीने त्या जुन्या कॅपवर हलकेच बोट ठेवलं.

"इकून, बाबा. हे पक्कं हाये."