तीन बोटे खाली उतरलेल्या मेजाची हकीकत

॥ श्री ॥ जी देवता उडी मारणाऱ्यास पाय टेकण्यापुरती भूमी देते आणि उडी पाहणाऱ्यास टेकण्यापुरती खुर्ची देते, तिचे चरणी मस्तक ठेवून लेखक लिहितो ऐसीजे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य तृतीया, रविवार, ते दिवशी राज्यात जिम्नॅस्टिक्सची निवड चाचणी थोर समारंभे जाहली, त्याचा साद्यंत मजकूर. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. समुद्रापार सतरा राज्यांची स्पर्धा नेमिली होती आणि तेथे व्हॉल्टसाठी आपल्याकडील एकच मुलगी पाठवावी ऐसे ठरले होते. व्हॉल्ट म्हणजे काय, तर पंचवीस मीटर जिवाच्या कराराने धावत यावे, उसळत्या फळीवर पाय आपटावे, पुढील मेजावर हात टेकून हवेत जावे, तेथे अंगाचे फेर घ्यावे आणि पलीकडे गादीवर दोन पायांवर उभे राहावे. मुलींचे मेज सव्वाशे सेंटीमीटर उंच असावे, कमी नाही आणि जास्ती नाही, कारण हात टेकतेवेळी डोळा मेजावर नसतो, हातांस ते जेथे ठाऊक असते तेथेच ते सापडावे लागते.

महासंघाचे अध्यक्ष श्रीमंत रंगराव ढमढेरे. त्यांनी स्वतः कोलांटी कधी मारिली नव्हती, परंतु एकोणीस वर्षांत चार निवडणुका होऊन दर वेळी ते खुर्चीतच उतरले होते, सबब खेळातील जाणते म्हणोन त्यांची ख्याती. सकाळी खासा स्वारी उद्घाटनास आली, आणि मेजामागे उभे राहून तसबीर काढविण्याचे योजिले, आणि श्रीमंत उंचीने बेताचे, तेव्हा तसबीरवाल्याने अदबीने अर्ज केला की हुजुरांचे मुख दिसते, परंतु गळ्यातील हार मेजाआड जातो. मग आज्ञा जाहली आणि कामगारांनी मेज एक खाच खाली उतरविले. एक खाच म्हणजे पाच सेंटीमीटर, अदमासे तीन बोटे. हार दिसला, तसबीर निघाली, टाळ्या जाहल्या आणि सर्व मंडळी चहास गेली. मेज परत वर कोणी करावे याचा हुकूम निघाला नव्हता. कामगार समजले की पंच करतील, आणि पंच समजले की कामगारांनी केले, आणि मुख्य पंचांपाशी मोजणीचा कागद होता, त्यावर सव्वाशेचा आकडा आणि सही होती. सही आदल्या दिवशीची होती, परंतु सही होती.

मग व्हॉल्टास आरंभ जाहला. प्रथम उत्तरेकडील एक मुलगी धावली, तिचे हात मेजावर उशिरा पडले आणि ती गादीवर पाठीवर आपटली. मग पद्मजा केळुसकर आल्या. या राज्यातील नामांकित, वय सव्वीस, गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया जाहलेली, हे वर्ष शेवटचे ऐसे घरी सांगून आलेल्या. त्याही गुडघ्यांवर उतरल्या आणि उजवे मनगट सुजले. दूरचित्रवाणीवर समालोचक सदानंदपंत हे सर्व राज्यास ऐकवीत होते. पंतांनी आयुष्यात एकच कोलांटी घेतली होती, तीही जिन्यावरून. ते म्हणाले की पूर्वीच्या मुलींत जिगर होती, आताच्या मुली मोठ्या दिवशी कच खातात, आणि दोष सर्वस्वी मनाचा आहे. अखबारवाल्यांनी तेच शब्द उतरून घेतले.

तिसरी तारामती पिसाळ. वय एकोणीस, घाटमाथ्यावरील गावची, बाप एसटीचा वाहक. गावच्या तालमीत दत्तोपंत हर्डीकर मास्तरांपाशी वयाच्या सातव्या वर्षापासून शिकलेली. मास्तर मूळचे मल्लखांबाचे, शब्दाने तुटक, आणि बारा वर्षे रोज मेजापाशी उभे राहून हिला झेलीत आलेले. हिरवा दिवा लागला, तारामती धावली, आणि फळीच्या दोन पावले अलीकडे थांबली. सभागृहात कुजबूज जाहली. ती मागे आली आणि मास्तरांस म्हणाली, "मास्तर, मेज खाली आहे."

मास्तरांनी मेजाकडे पाहिले, पुनः पाहिले, आणि म्हणाले, "मला फरक दिसत नाही. पण उडी तुला मारायची आहे."

मग तारामती पंचांपुढे गेली आणि मेज मोजावे ऐसे विनविले. मुख्य पंचांनी कागद दाखविला. ती म्हणाली की कागदावर हात टेकायचे नाहीत. यावर मुख्य पंच रागास आले आणि घड्याळाकडे बोट केले, कारण नियम ऐसा की अर्ध्या मिनिटात धाव घेतली नाही तर शून्य. तारामती धावपट्टीच्या टोकाशी उभी राहिली. बारा वर्षे, पहाटेची एसटी, दोनदा मोडलेली करंगळी, आणि बापाने रजा टाकून तिसऱ्या रांगेत धरलेली जागा, हे सर्व त्या अर्ध्या मिनिटात तिचे मनात येऊन गेले. धावावे तर कदाचित निभावेल, न धावावे तर शून्य ठरलेले. ती धावली नाही. दिवा विझला, फलकावर शून्य उमटले, आणि सदानंदपंत राज्यास म्हणाले की भित्र्या मनुष्यास मेज नेहमी चुकीचेच दिसते. बाप तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला.

मग चौथी मुलगी, सई नावाची, पंधरा वर्षांची, हिची पाळी. तारामतीने तिला हात धरून सांगितले की जाऊ नको. सई म्हणाली की तुला शून्य मिळाले ते मी पाहिले आहे. आणि ती धावली, आणि हात मेजावरून निसटले, आणि ती मानेवर पडून निपचित राहिली. वैद्य धावले, आणि काही वेळाने सईने डोळे उघडून बोटे हालविली तेव्हा लोकांचा श्वास मोकळा जाहला. मुख्य पंचांनी पाचव्या मुलीचे नाव पुकारिले. तेव्हा दत्तोपंत मास्तर उठले आणि धावपट्टीच्या मधोमध मांडी घालून बसले. शिपाई उठवावयास आले, तर मास्तर म्हणाले की उचलून न्या, माझे वजन शहाऐंशी किलो आहे. इतक्यात मुलींचे पोशाख शिवणाऱ्या गोदूबाई गळ्यातील टेप काढून कठड्याखालून आत आल्या. त्यांस कोणी अडविले नाही, कारण त्या कोण हे कोणास ठाऊक नव्हते. एक टोक गोदूबाईंनी जमिनीस धरिले, दुसरे तारामतीने मेजास लाविले, आणि गोदूबाई मोठ्याने म्हणाल्या, "एकशे वीस. मी तीस वर्षं मापं घेतेय, माझी चूक होत नाही."

मग मोठी धावपळ जाहली. श्रीमंत रंगराव दालनातून आले, आणि बंद दरवाजाआड दोन घटका खलबत चालले, आणि निर्णय बाहेर आला तो ऐसा. मेज हवामानामुळे किंचित बसले, दोष कोणाचाही नाही. ज्या मुलींनी खाली उतरलेल्या मेजावर उडी मारिली त्यांस अन्याय जाहला, सबब त्यांनी योग्य मेजावर पुनः मारावी. तारामती पिसाळ इने उडी मारिलीच नाही, सबब तिजवर अन्याय जाहला नाही, आणि जी उडी जाहलीच नाही ती पुनः कशी होईल. शून्य कायम. सदानंदपंतांनी राज्यास सांगितले की मेजाविषयी संशय आपणास प्रथमपासून होता.

मेज वर चढविले. पद्मजाबाई मनगट बांधून आल्या, आणि पट्टीच्या टोकाशी उभ्या राहून पंचांस म्हणाल्या की तारामतीस बोलवा. मुख्य पंच म्हणाले की नियम नाही. बाई उभ्या राहिल्या. घड्याळ चालू लागले, दहा जाहले, वीस जाहले, आणि सर्वांस वाटले की आता याही उभ्याच राहणार. पंचविसाव्यास त्या धावल्या. उडी अतिसुंदर साधली, पाय रोवले गेले, पहिला क्रमांक आला आणि समुद्रापार जाण्याचा मान त्यांस मिळाला.

श्रीमंतांनी हार घातला, मंडळी भोजनास गेली, आणि दिवे निम्मे विझविले. मग पद्मजाबाई तारामतीपाशी आल्या आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "मी तुझ्यासाठी थांबणार होते. पंचवीसपर्यंत थांबलेही. मग पाय आपोआप निघाले, असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं नाही. मी ठरवून धावले."

तारामती म्हणाली, "तुमच्या जागी मीही धावले असते, ताई. राग आहे. पण तुमच्यावर थोडाच आहे."

मग ती उठली आणि मास्तरांस म्हणाली की मेज आता बरोबर आहे, एकदा मारू का. मास्तरांनी स्वतः गोदूबाईंकडून टेप मागून मेज मोजले, आणि मग होय म्हणाले. पंच नव्हते, दिवा नव्हता, समालोचन नव्हते. बाप तिसऱ्या रांगेतून पट्टीपाशी येऊन उभा राहिला. तारामती धावली, हात नेमके टेकले, ती उंच गेली, दोन फेर घेतले आणि उतरली.

"एक पाऊल पुढे गेलं," ती म्हणाली.

"गेलं," मास्तर म्हणाले. "टाच लवकर सोडलीस. मंगळवारी बघू."

ऐसा प्रकार जाहला. पुढे पद्मजाबाई समुद्रापार सतरांत सहाव्या आल्या आणि खेळ सोडून मुलींस शिकवू लागल्या. सई बरी जाहली. श्रीमंत रंगरावांनी मेज मोजण्याचे नवे खाते निर्मिले आणि त्यावर आपला भाचा नेमिला, आणि कलम घातले की मोजणीची मागणी खेळाडूने लेखी, तीन दिवस आधी करावी. तारामती पुढील चाचणीस तीन दिवस आधी अर्ज देऊन हजर जाहली, आणि तिचे मागून राज्यातील एकोणचाळीस मुलींनी तसेच अर्ज दिले, आणि भाच्यास चाळीस वेळा वाकून मेज मोजावे लागले. एकंदर सारांश इतकाच की त्या रविवारी सभागृहात नऊ पंच, एक अध्यक्ष आणि एक समालोचक हजर होते, आणि मेज कोठे आहे हे जिला ठाऊक होते तिला शून्य मिळाले. लेखनसीमा.